रंगवलेला भाता

जुना लाकडी कॅमेरा विकत घ्यायला जाताना खिशात एक बॅटरी ठेवावी आणि नाक उघडं ठेवावं. बॅटरी कशाला ते पुढं सांगतो. नाक एवढ्यासाठी, की कॅमेऱ्याच्या भात्याला रंगाचा किंवा सरसाचा वास आला, तर दुकानदार कितीही गोड बोलो, चहा मागवो, आपण उठून चालू लागावं. संपादकांनी मला कॅमेरा दुरुस्तीतल्या गमतीजमती लिहायला सांगितलं होतं. गमती पुष्कळ आहेत, पण यंदा लिहायला बसलो की रागच वर येतो. त्यातला निम्मा दुसऱ्यांवर आहे आणि निम्मा माझ्यावर.

माझं दुकान शिवाजी पेठेत, एका तालमीच्या मागच्या बोळात. दुकान म्हणजे माडीवरची एक खोली आणि तिच्या पोटात पडदे लावून केलेली डार्करूम. पेठेत मला ‘बीएस्सी मिस्त्री’ म्हणतात. सुरुवातीला लोक चिडवायला म्हणायचे, आता टपालसुद्धा त्या नावानं येतं. माझे वडील कुरुंदवाडला नदीवर नाव चालवायचे. घरात कॉलेजचा उंबरा ओलांडणारा मी पहिला. आमच्या शाळेतल्या विज्ञानाच्या सरांनी चष्म्याच्या एका भिंगातून वर्गाची खिडकी समोरच्या भिंतीवर उलटी पाडून दाखवली होती, आणि तो चष्मा त्यांचा स्वतःचा होता. तास संपेपर्यंत ते आंधळ्यासारखे चाचपडत होते. पुढं नोकरीसाठी वणवण करत असताना पेठेतल्या एका वृद्ध कॅमेरा कारागिरानं मला हाताशी घेतलं. ते माझे वस्ताद. ते म्हणायचे, “दुरुस्त झालं न्हाई तर झालं न्हाई म्हणून परत द्यावं. झाकून देऊ नये.” या दोन माणसांमुळं मी चार घास मानानं खाल्ले. म्हणून पुढचं लिहिताना हात जड होतो.

आता ज्यांना हा धंदा माहीत नाही त्यांच्यासाठी थोडं. मोबाईलच्या आधी फिल्मचे रोल होते हे बऱ्याच जणांना आठवत असेल. रोलच्याही आधीपासून एक मोठा कॅमेरा चालत आला आहे. त्यात एका फोटोला एक स्वतंत्र फिल्म लागते, पोस्टकार्डाएवढी किंवा त्याहून मोठी. पुढं भिंग, मागं दुधी काच आणि दोन्हींच्या मध्ये हार्मोनियमला असतो तसा घड्यांचा भाता. डोक्यावर काळं कापड घ्यायचं, दुधी काचेवर उलटं चित्र बघायचं, भाता मागंपुढं सरकवून ते स्पष्ट करायचं, मग काचेच्या जागी फिल्मचा होल्डर सरकवायचा आणि भिंग उघडायचं. एवढाच सगळा कारभार. अंधारी पेटी, एक भोक, एक भिंग. यात महागडं असं काही असायचं कारण नाही. तरी लोक फसतात, कारण त्यांना कॅमेरा चमकणारा लागतो.

गेल्या काही वर्षांत पोरांना या कॅमेऱ्याचं पुन्हा वेड लागलं आहे. चांगली गोष्ट आहे. पण या वेडाबरोबर दोन जाती उगवल्या. एक, मोबाईलवर व्हिडिओ करून ‘पहिला कॅमेरा हाच घ्या’ म्हणून सांगणारे, ज्यांनी स्वतः पाच फिल्मा धुतलेल्या नसतात. दुसरी, जुन्या वस्तूंचे व्यापारी. हायवेवरच्या एका हॉटेलवाल्यानं माझ्याकडं एक सुंदर सागवानी कॅमेरा आणला होता. भिंग असं स्वच्छ, की माझा जीव खालीवर झाला. तो म्हणाला, “मिस्त्री, ह्या भिंगाच्या जागी बल्ब बसवा. दारात ठेवतो. गिऱ्हाईक सेल्फी काढंल.”

“अहो, हा चालू कॅमेरा आहे.”

“मग बल्ब बी चालूच बसवा की.”

मी नाही म्हणालो. त्यानं दुसरीकडून भोक पाडून घेतलं आणि ते भिंग त्याचा नातू मुंग्या जाळायला वापरतो असं नंतर कळलं. त्या दिवशी मी घरी जेवलो नाही. मला वाटायचं, अशा लोकांपेक्षा मी वेगळा आहे.

आता मूळ गोष्ट. जुन्या वस्तूंचे एक व्यापारी माझ्याकडं नेहमी यायचे. नाव नको, शेठ म्हणू. एकदा त्यांनी एक मोडका कॅमेरा आणला. लाकूड बरं होतं, पितळ काळवंडलं होतं, भिंग ठीक. भाता मात्र गेलेला. घड्यांच्या प्रत्येक कोपऱ्यावर चामडं झिजून टाचणीएवढी भोकं पडली होती. भाता म्हणजे या कॅमेऱ्याचं कातडं. त्यातून मोहरीएवढा उजेड जरी आत गेला तरी फिल्म जळते. खरा उपाय एकच, नवा भाता शिवणं. ते आठवड्याचं काम.

“नवा कशाला?” शेठ म्हणाले. “एका बंगल्यात शोकेसला जायाचा हाय. लोक लांबनं बघणार. काळा रंग मारा आन् द्या.”

रंग मारला. नुसता मारला असता तर आज हा लेख लिहावा लागला नसता. पण माझ्या हाताला खाज. मी दिव्याची काजळी, सरस आणि पंक्चरचं सोल्युशन एकत्र घोटलं, प्रत्येक कोपऱ्यावर पातळ रेशमी कापडाचा तुकडा डकवला, वरून तीन हात दिले. पितळ चिंचेनं उजळलं. लाकडाला पॉलिश केलं. काम संपल्यावर मी स्वतः डार्करूममध्ये भात्यात बॅटरी लावून बघितली. बाहेर उजेडाचा एक ठिपका दिसला नाही. मी स्वतःवरच खूश झालो. शोकेसमधल्या वस्तूला एवढी तपासणी कशाला हवी, हे मी स्वतःला विचारलं नाही. कॅमेऱ्याच्या बुडावर ‘फक्त शोभेसाठी’ एवढे दोन शब्द लिहायला चिमूटभर रंग लागला असता. तेही लिहिले नाहीत.

पुढं थंडी सरता सरता एक मुलगी दुकानात आली. नाव उज्ज्वला. राधानगरीच्या बाजूच्या गावची, तिथल्याच दूध संस्थेत लिपिक. खांद्याला मोठी कापडी पिशवी, हातात स्टीलचा डबा धरावा तसे जपून धरलेले चार होल्डर. प्रत्येक होल्डरमध्ये दोन फिल्मा, म्हणजे एकूण आठ. म्हणाली, “सर, धुऊन देता? माझ्याच्यानं बिघडतील म्हणून तुमच्याकडं आणल्या. पहिल्याच आहेत.”

“कशाचे फोटो?”

“तात्यांचे. आमचे वडील. गुळव्या आहेत.”

गुळव्या म्हणजे गुऱ्हाळातला मुख्य माणूस. उसाचा रस मोठ्या काहिलीत उकळत असतो, तो कधी उतरवायचा हे गुळव्या सांगतो. घटकाभर आधी उतरवला तर गूळ धरत नाही, नंतर उतरवला तर करपतो. थर्मामीटर नाही, घड्याळ नाही. फेस बघायचा, पळीवरून पडणारी धार बघायची, पाण्यात थेंब टाकून बोटानं चाचपायचा. उज्ज्वलाच्या तात्यांनी हे काम चाळीस वर्षं एकाच चुलवाणावर केलं होतं. चुलवाण म्हणजे काहिलीखालची मोठी भट्टी. मालकानं यंदा गुऱ्हाळ मोडायला काढलं. शेवटचं आधण, म्हणजे काहिलीतला शेवटचा रस, ज्या दिवशी उतरलं त्या दिवशी तिनं रजा काढून हे आठ फोटो घेतले.

“मोबाईलवर नाही काढले?”

“मोबाईलवर तात्या काढू देत न्हाईत. म्हणतात, रिकामटेकड्यांचं काम हाय ते. ह्या कॅमेऱ्याला मात्र उभे राहिले. मी डोक्यावर कापड घेतलं तर म्हणाले, हे काम दिसतंय. आयुष्यात पहिल्यांदा उभे राहिले, सर.”

मग तिनं पिशवीतून कॅमेरा काढून माझ्या टेबलावर ठेवला.

मी तो लाकडाच्या रेषांवरून ओळखला. पितळेवर माझ्याच चिंचेची चमक होती. भात्याचे कोपरे मी बोटानं चाचपले. गुऱ्हाळातल्या वाफेनं सरस सुटला होता, रेशमाचे तुकडे डोळ्यांच्या पापण्यांसारखे उघडून लोंबत होते. कोरड्या हवेत माझं काम वर्षभरही टिकलं असतं. उकळत्या काहिलीशेजारी ते एक दुपारही टिकलं नाही.

“कुठून घेतला?” मी विचारलं. तिनं शेठचं नाव सांगितलं. चालू कंडिशन म्हणून दिला होता.

“मी बॅटरी लावून बघितलं होतं की सर. वाचलं होतं मी. अंधारात नेऊन, भाता ताणून, सगळे कोपरे बघितले. कुठनंच उजेड येत नव्हता.”

तिनं सगळं बरोबर केलं होतं. माझ्याकडं आलेल्या नव्या माणसांपैकी एवढी नीट तपासणी कुणी केली नव्हती.

मी पडद्यामागं गेलो. ही फिल्म पूर्ण काळोखात धुवावी लागते. रसायनाच्या ट्रेमध्ये आठ फिल्मा एकाखाली एक बोटांनी फिरवत असताना मी देवाला म्हणत होतो, एक तरी. दिवा लावला. आठही फिल्मांवर काळे पट्टे. भात्याच्या कोपऱ्यातून शिरलेला उजेड नेमका मधोमध पडला होता. कडेला काहिलीचा काठ दिसत होता, एका फिल्मवर उसाचा चोथा भट्टीत सारणाऱ्या गड्याचं धोतर दिसत होतं. मध्ये जिथं तात्या उभे होते तिथं काळा डाग. कागदावर छापला असता तर तो पांढरा झाला असता.

उज्ज्वलानं आठही फिल्मा उजेडाला धरून एकेक करून बघितल्या. रडली नाही. “माझं काय चुकलं?” एवढंच विचारलं.

मी म्हणालो, “भाता जुना होता.”

हे खोटं नव्हतं, पण खरंही नव्हतं. ती स्वतःला दोष देत जिना उतरली आणि मी उतरू दिलं. माझ्या अख्ख्या कामाच्या आयुष्यातला हा सगळ्यांत कमीपणाचा क्षण.

तसाच शेठच्या दुकानात गेलो. एवढ्या मोठ्यानं मी कधीच कुणाशी भांडलो नाही. शेजारचा चपलांचा दुकानदार उठून दारात आला.

“शोकेसचा कॅमेरा चालू म्हणून विकलासा?”

“ओ मिस्त्री, आवाज खाली. बंगलेवाल्यानं घेतला न्हाई. मग काय पुजू व्हय त्याला? पोरगीनं बॅटरी लावून बघितलं. तिला बरा वाटला, तिनं नेला.”

“तुम्हाला माहीत होतं भाता सडलाय ते!”

“मला कसं म्हाईत? मला तर नवाच दिसला.” शेठ हसले. “एवढा नवा कुणी केला, ते बोला की.”

चपलावाला माझ्याकडं बघायला लागला. मी तिथून निघालो. शेठचा राग मला अजून येतो, या लेखातल्या प्रत्येक ओळीत येतो. पण त्यांचं ते वाक्य मला खोडून काढता आलेलं नाही.

पुढच्या रविवारी उज्ज्वला पुन्हा आली, सोबत तात्या. ठेंगणे, वाळलेले, डोक्याला पांढरा पटका. मीच निरोप पाठवला होता. त्यांना बसायला खुर्ची दिली, तर ते उभेच राहिले. मी काहीही प्रस्तावना न करता सगळं सांगितलं. सरस, काजळी, रेशीम, बॅटरी लावून बघितलेलं, बुडावर न लिहिलेलं. उज्ज्वलाचा चेहरा मला बघवला नाही. तात्यांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

“म्हंजी,” ते म्हणाले, “तुम्ही पावडर टाकलीसा.”

मला कळलं नाही. उज्ज्वलानं खाली बघत सांगितलं, “गूळ पिवळाधमक दिसावा म्हणून काही लोक काहिलीत पावडर टाकतात, सर. बाजारात भाव येतो. तात्यांनी कधी टाकली नाही.”

“काळा गूळ म्हणून हसायचे लोक मला,” तात्या म्हणाले. “मालक म्हणायचा, चिमूटभर टाक रं, कुणाला कळतंय. मी म्हटलं, मला कळतंय की. तुम्ही तर शिकलेलं हायसा मास्तर. बीएस्सी न्हवं?”

नावाड्याच्या पोरानं पदवी घेतली म्हणून मी उभ्या आयुष्यात मान ताठ ठेवून चाललो. त्या दिवशी ती पदवी मला कुठं लपवावी ते कळेना.

मी म्हणालो, “मी हिला दुसरा कॅमेरा देतो. फुकट.”

“फुकट नको,” उज्ज्वला पहिल्यांदा माझ्याकडं बघून बोलली. आवाज धारदार होता. “काय घ्यायचं ते खरं सांगा. मी माझं घेईन.”

म्हणून मी तिला जे सांगितलं तेच इथं सगळ्यांना सांगतो. पितळ आणि पॉलिश विसरा. भिंग आणि अंधार, एवढ्या दोनच गोष्टी विकत घ्यायच्या. जुन्या छापखान्यांत छपाईच्या प्लेटा करायला मोठे कॅमेरे असायचे. ते भंगारात गेले, त्यांची भिंगं अजून कुणाकुणाच्या फडताळात पडलेली आहेत. त्यांना शटर, म्हणजे उघडझाप करणारी झडप, नसते, म्हणून कुणी विचारत नाही आणि ती स्वस्तात मिळतात; तेवढी चांगली भिंगं आज नवी घ्यायला परवडणार नाहीत. शटर नको. बरणीचं झाकण भिंगावर लावायचं, काढायचं, मनात आकडे मोजायचे, परत लावायचं. भाताही नको. प्लायवूडच्या दोन पेट्या, एक दुसरीत सरकणारी, आतून काळ्या. सुतार दोन दिवसांत करतो आणि त्यातून उजेड शिरायला जागाच नसते. होल्डर मात्र चांगले घ्यावेत आणि पेटी होल्डरच्या मापानं करावी, उलटं नव्हे. तिवई जमीन मोजणीवाले वापरतात तसली जड लाकडी. परदेशी फिल्म महाग, तर सुरुवातीला दवाखान्यातली एक्स-रेची फिल्म कापून वापरायची. तिला लाल रंग दिसत नाही, त्यामुळं ती लाल दिव्याखाली डोळ्यांदेखत धुता येते आणि शिकणाऱ्याचं भय जातं. दोन्ही बाजूंनी ओरखडते, म्हणून ट्रेच्या तळाशी काच ठेवायची. एवढंच आहे. हे मी तिला पहिल्या दिवशी सांगू शकलो असतो. पण पहिल्या दिवशी, कॅमेरा घ्यायला, ती माझ्याकडं आली नव्हती, माझ्या रंगकामाकडं गेली होती.

पेटी आमच्या बोळातल्या सुतारानं केली. तो म्हणाला, “हे काय, कोंबड्यांचं खुराडं?” उज्ज्वला म्हणाली, “व्हय, पण उजेड न शिरणारं.” दर रविवारी ती यायची, लाल दिव्याखाली माझ्या शेजारी उभी राहून फिल्म धुवायची. गरजेपुरतं बोलायची. मी शेठचं काम बंद केलं. आणखी दोन व्यापाऱ्यांचंही. आता शोभेची वस्तू आलीच तर आधी तिच्या बुडावर खिळ्यानं तसं कोरतो, मगच हात लावतो. बहुतेक जण कोरलेलं बघून कॅमेरा परत उचलतात.

मी तिला सुचवलं, तात्यांचाच फोटो काढ. तिनं विचारलंही. तात्या म्हणाले, काम संपल्यावर कामाचा फोटू कसला. काहील भंगारात गेली होती, ऊस गाळायचा चरक विकला होता. रिकाम्या हातानं उभं राहायला ते तयार नव्हते. त्यांच्यावर कुणी जबरदस्ती केली नाही.

शेवटी पाऊस लागायच्या आधी ती एकटीच गुऱ्हाळात जाऊन आली. चुलवाण अजून पाडलेलं नव्हतं. त्या फिल्मा आम्ही धुतल्या. लाल दिव्याखाली ट्रेमध्ये एकेक वीट वर येत गेली. वाळल्यावर मी फिल्म खालून दिवा लावलेल्या दुधी काचेवर ठेवली आणि तिच्या हातात भिंग दिलं. भट्टीच्या तोंडावरची काजळी, विटांमधल्या चिरा, राखेत रुतलेला उसाच्या चोथ्याचा एक धागा, सगळं केसाइतकं स्पष्ट होतं. कुठंही डाग नाही. इतकी स्वच्छ निगेटिव्ह मी कुणाही शिकणाऱ्याची बघितली नव्हती, आणि तिला तसं सांगणार होतो.

ती बराच वेळ वाकून बघत राहिली. काहिलीच्या उजव्या अंगाला जमीन झिजून खड्डा पडला होता. गुळव्या तिथंच उभा राहतो.

“एवढं स्पष्ट येतं होय, सर?” तिनं विचारलं. “म्हणजे तात्यांच्या मनगटावरचे पोळल्याचे डागसुद्धा आले असते?”

“आले असते,” मी म्हणालो.

तिनं भिंग टेबलावर ठेवलं आणि दिवा बंद केला.